लेकीसाठी चांदीच्या नाण्यांचा संग्रह करायचा आहे, सुरुवात कशी करावी?

सांजवेळ

आमची लेक पुढच्या महिन्यात एक वर्षाची होईल. ती अठरा वर्षांची होईपर्यंत दरवर्षी चांदीचे एक नाणे घेऊन ठेवावे आणि अठराव्या वाढदिवशी तो सगळा संग्रह तिच्या हाती सोपवावा, असे माझ्या मनात बरेच दिवस घोळत आहे. मला नाण्यांतले फारसे कळत नाही. आजोबांच्या पेटीत चांदीचे एक जुने नाणे होते. ते तळहातावर घेतले की त्याचा गारवा आणि आकाराच्या मानाने भरणारे वजन लगेच जाणवायचे, एवढीच माझी या विषयाशी ओळख.

दरवर्षी एकाच मालिकेतले नाणे घ्यावे, की प्रत्येक वर्षी वेगळे? नव्या, शुद्ध चांदीच्या नाण्यांना प्राधान्य द्यावे, की जुन्या चलनी नाण्यांना? अठरा वर्षे ती नीट कशी राखावीत? आणि हे सगळे तिला आधीपासून सांगावे, की शेवटपर्यंत गुपित ठेवावे? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

नाणेसंग्राहक

कल्पना उत्तम आहे आणि आपण ती अगदी योग्य वयात मनावर घेतली आहे. आधी एक फरक लक्षात घ्यावा. ज्यावर एखाद्या देशाचे नाव आणि त्या सरकारची अधिकृत मोहोर असते, ते नाणे. खाजगी टांकसाळीतून निघणारे चांदीचे गोल तुकडे दिसायला नाण्यासारखे असले तरी ती पदके असतात. त्यांत चांदी पूर्ण असेलही, पण संग्रह म्हणून त्यांना फारसे कोणी विचारत नाही.

एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम वजनाची नाणी अनेक देश दरवर्षी काढतात. अमेरिकेचे सिल्व्हर ईगल १९८६ पासून निघते, कॅनडाचे मेपल लीफ १९८८ पासून, तर ऑस्ट्रियाचे फिलहार्मोनिक २००८ पासून. ब्रिटनचे ब्रिटानिया १९९७ साली आले तेव्हा त्याची शुद्धता ९५.८ टक्के होती, ती २०१३ पासून ९९.९ टक्के झाली. या नाण्यांवरचे चित्र बहुधा वर्षानुवर्षे तेच राहते आणि साल तेवढे बदलते. याउलट ऑस्ट्रेलियाचे कूकाबुरा या पक्ष्याचे १९९० पासूनचे नाणे आणि चीनचे पांडा यांच्यावर जवळजवळ प्रत्येक वर्षी नवे चित्र असते. अठरा ईगल ओळीने मांडले तर मोठ्या माणसाला त्यातली शिस्त भावेल, लहान मुलीला मात्र अठरा वेगळे पांडा किंवा अठरा वेगळे पक्षी पाहण्यात जास्त रस वाटेल. माझे मत बदलत्या चित्रांच्या बाजूने आहे. मात्र पांडाचे वजन २०१६ पासून औंसाऐवजी ३० ग्रॅम झाले आहे, तेव्हा वजन एकसारखे हवे असेल तर ते आधी पाहून घ्यावे.

रोखठोक

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टच मांडतो. आपण नाणे घेतो तेव्हा चांदीच्या भावावर घडणावळ आणि विक्रेत्याचा नफा मोजतो, पण विकायला जातो तेव्हा बहुतेक वेळा निव्वळ चांदीचेच पैसे हातात पडतात. खास चकचकीत, पेटीत बसवून येणाऱ्या नाण्यांवर ही घडणावळ सर्वांत जास्त असते, आणि मुलांसाठी म्हणून लोक नेमकी तीच घेतात. मुलीच्या भविष्याची पुंजी करायची असेल तर चांदीची लगड घ्यावी, किंवा चांदीच्या वाटेला न जाता दुसरे साधन निवडावे.

चांदी सतत वाढतच जाते, हाही समज चुकीचा आहे. जानेवारी १९८० मध्ये चांदी शिखरावर पोहोचली आणि त्याच वर्षी मार्च संपायच्या आत कोसळली. तो भाव जवळपास पुन्हा दिसायला एप्रिल २०११ उजाडला, म्हणजे १९८० साली जन्मलेल्या बाळासाठी कोणी त्या भावाने नाणे घेतले असेल, तर त्याची भरपाई व्हायला ते बाळ एकतीस वर्षांचे व्हावे लागले.

सांजवेळ

रोखठोक, आपला मुद्दा मोलाचा आहे आणि तो आधीच समोर आला हे बरे झाले. तिच्या शिक्षणाची तजवीज आम्ही वेगळी केली आहे. हा संग्रह पैशासाठी नाही. तिच्या प्रत्येक वर्षाची एक वस्तू तिच्याजवळ असावी, जी मोडणार नाही, फाटणार नाही आणि जिच्याबद्दल तिला कधीतरी सांगता येईल, एवढाच हेतू आहे.

रोखठोक

मग माझा विरोध नाही. फक्त हा हेतू स्वतःशी लिहून ठेवावा, कारण पुढे भाव चढले की घरातलेच कोणीतरी विकण्याचा विषय काढते.

पिंपळपान

मी अशा संग्रहाच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे, म्हणजे मला तो मिळाला. माझ्या आत्याने माझ्या जन्मापासून नाणी जमवली आणि मी वीस वर्षांची झाल्यावर तो अल्बम मला दिला. तिने किती जिव्हाळ्याने ते केले होते हे मला ठाऊक होते, म्हणून पहिले पान उलटले तेव्हा काय बोलावे ते मला सुचेना. अल्बमचे कप्पे मऊ प्लास्टिकचे होते. ते चिकट झाले होते, त्यांना उग्र वास येत होता आणि नाण्यांच्या कडांवर हिरवट, तेलकट थर चढला होता. आत्याने ते पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. तिचा काहीच दोष नव्हता, कारण त्या काळी सगळे संग्राहक तसलेच अल्बम वापरत असत.

पुढे एका अनुभवी संग्राहकाने ती नाणी शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून, मुळीच न घासता, स्वच्छ करून दिली. बहुतेक वाचली, पण चारांवर थराने धातू खाल्ल्याच्या खुणा कायमच्या राहिल्या. म्हणून कोणते नाणे घ्यावे याच्याआधी ते कशात ठेवावे याचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रसायन

पिंपळपान यांनी वर्णन केलेला प्रकार पीव्हीसी प्लास्टिकचा आहे. ते मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये काळाने बाहेर झिरपतात, आणि प्लास्टिकचे विघटन होताना हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आधी चांदीतल्या तांब्यावर काम करते आणि त्यातून तो हिरवा थर तयार होतो. हे टाळण्यासाठी मायलर या पॉलिएस्टरच्या पातळ, पारदर्शक फिल्मची पाकिटे किंवा अॅक्रिलिकच्या कडक कॅप्सूल वापराव्यात. कॅप्सूल नाण्याच्या मापाचीच हवी. ईगलचा व्यास ४०.६ मिलीमीटर आहे, मेपल लीफचा ३८ आणि फिलहार्मोनिकचा ३७. सैल कॅप्सूलमध्ये नाणे खुळखुळते आणि त्याची कड घासली जाते.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूमुळे. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. रबर, लोकर, साधा पुठ्ठा आणि वर्तमानपत्राचा कागद यांच्यापासून चांदी दूर ठेवावी. नाण्यांच्या चळतीला रबरबँड लावण्याची सवय तर फारच वाईट, कारण वर्षभरात त्याची काळी रेघ उमटते. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून ती अधूनमधून बदलावी आणि नाणे नेहमी कडेने धरावे, कारण बोटाचा ठसा आज दिसला नाही तरी काही वर्षांनी तपकिरी होऊन वर येतो.

आणि नाणे कधीही घासून चकचकीत करू नये. पॉलिशने काळपटपणाबरोबर चांदीचा थरही जातो आणि मूळ झळाळी कायमची हरवते. पातळ सल्फाइडच्या थरावर प्रकाश पडून निळे, जांभळे, सोनेरी रंग उमटतात, त्यासाठी संग्राहक जास्त पैसे मोजतात. घरातला उत्साही माणूस ते 'स्वच्छ' करून टाकतो तेव्हा फार हळहळ वाटते.

मेणबत्ती

शुद्ध चांदीच्या नव्या नाण्यांवर पांढरे, दुधाळ डाग येतात असे ऐकले होते. ते खरे आहे का?

नाणेसंग्राहक

खरे आहे. विशेषतः मेपल लीफवर ते बरेच दिसत असत आणि ते काढण्याचा सुरक्षित उपाय नाही. २०१८ पासून कॅनडाच्या टांकसाळीने डाग रोखणारी नवी प्रक्रिया वापरायला सुरुवात केली आहे.

मोजमाप

सांजवेळ, आपण कोठूनही नाणे घेतलेत तरी ते पारखायला शिकावे, आणि मुलगी मोठी झाली की तिलाही शिकवावे. खोटी ईगल आणि खोटे जुने डॉलर बाजारात भरपूर आहेत. वजन आणि व्यास तर पाहावेच, पण माझी आवडती कसोटी पाण्याची आहे. मागच्या सुट्टीत मी आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलाने ती केली.

ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवली आणि काटा शून्यावर आणला. मग एक औंसाचे नाणे बारीक दोऱ्याला बांधून, वाटीच्या तळाला किंवा कडेला लागू न देता, पाण्यात अलगद लोंबते धरले. काट्यावर २.९७ आले. चांदीची घनता १०.४९ आहे, म्हणून ३१.१ ग्रॅम चांदी साधारण २.९७ घन सेंटीमीटर पाणी बाजूला सारते आणि काटा तेवढेच ग्रॅम दाखवतो. तेच नाणे तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेले असते तर आकडा ३.४७ च्या आसपास गेला असता. मुलाने जीभ दातांत धरून दोरा हातात घेतला होता, आणि तीनदा तोच आकडा आल्यावर त्याने तो स्वतःच्या वहीत लिहून खाली आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. नंतर बर्फाचा खडा नाण्यावर ठेवून पाहिला. सर्व धातूंत चांदी उष्णता सर्वांत वेगाने वाहून नेते, त्यामुळे खडा डोळ्यांदेखत वितळू लागतो. हा प्रयोग मात्र झिजलेल्या, साध्या नाण्यावरच करावा. नाणे फरशीवर आपटून आवाज ऐकण्याची जुनी रीत टाळावी. खणखणीत आवाज ऐकायचाच असेल तर नाणे बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली तरी पुरते.

जुनापुराणा

आतापर्यंत सगळी चर्चा नव्या नाण्यांची झाली, म्हणून जुन्यांची बाजू मांडतो. नवे नाणे टांकसाळीतून थेट कॅप्सूलमध्ये येते. त्याने कोणाचा खिसा पाहिलेला नसतो. माझ्या मते मुलाला द्यायच्या संग्रहात निम्मी तरी नाणी वापरलेली, हाताळून गुळगुळीत झालेली असावीत.

मारिया थेरेसा थालरचेच पाहा. त्यावर १७८० साल आहे, ऑस्ट्रियाच्या त्या सम्राज्ञीच्या मृत्यूचे. पण अरबस्तानात आणि इथिओपियात व्यापाऱ्यांचा या नाण्यावर इतका भरवसा बसला की तेच चित्र आणि तेच साल कायम ठेवून ते पुढेही पाडले जात राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीतही ते पाडले गेले. २८ ग्रॅमचे, ८३.३ टक्के चांदीचे हे नाणे मुलीच्या हातात देऊन 'हे कधीचे असेल?' असे विचारले, तर एका प्रश्नातून किती गोष्टी निघतील!

दुसरे उदाहरण ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाचे. १८३५ पासून तो ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा आणि ९१.७ टक्के चांदीचा होता. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली आणि पुढे तर रुपया निकेलचा झाला. पंचम जॉर्जच्या रुपयावर सालाच्या बाजूला तळाच्या कमळाखाली बारीक टिंब असेल तर तो मुंबईचा आणि नसेल तर कलकत्त्याचा. याच राजाचा १९११ चा रुपया निघाला तेव्हा त्याच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. सोंड आखूड दिसत होती. ओरड झाली, ती नाणी मोठ्या प्रमाणावर वितळवली गेली आणि १९१२ पासून सोंड व कान ठसठशीत केलेला नवा साचा आला. भिंगातून तो हत्ती शोधायला मुलांना फार आवडते.

आणि आता हिंदुस्थान आणि अमेरिका या दोन देशांना जोडणारी हकिगत. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षात हिंदुस्थानात कागदी नोटा देऊन चांदी मागणाऱ्यांची रीघ लागली आणि सरकारजवळची चांदी संपत आली. तेव्हा अमेरिकेने १९१८ साली पिटमन कायदा करून चांदीचे २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतांश चांदी ब्रिटनला विकली. ती इकडे येऊन तिचे रुपये झाले. म्हणजे १९१८ च्या रुपयात मॉर्गन डॉलरची, म्हणजे अमेरिकेच्या त्या जुन्या चांदीच्या डॉलरची, चांदी असण्याची दाट शक्यता आहे. कोणत्या सालाचे किती डॉलर भट्टीत गेले याची नोंदच ठेवली गेली नव्हती, म्हणून आजही त्या नाण्यांची दुर्मीळता संग्राहकांना अंदाजानेच ठरवावी लागते. मी १९१८ चा रुपया आणि १८८० च्या दशकातला मॉर्गन डॉलर एकाच पाकिटात शेजारी शेजारी ठेवले आहेत.

खडूफळा

जुनापुराणा, हे मी वर्गात सांगणार आहे. मनापासून आभार.

रोखठोक

उत्तम माहिती. एक पुरवणी जोडतो. स्वस्तात जुनी चांदी हवी असेल तर अमेरिकेची १९६४ पर्यंतची डाइम (दहा सेंट) आणि क्वार्टर (पंचवीस सेंट) ही नाणी ९० टक्के चांदीची आहेत, कॅनडाची १९२० ते १९६६ मधली नाणी ८० टक्क्यांची आणि ब्रिटनची १९२० ते १९४६ मधली ५० टक्क्यांची. झिजलेली असतील तर घडणावळीचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. पण दुर्मीळ साल म्हणून कोणी चढा भाव सांगत असेल तर तज्ज्ञ संस्थेने प्रमाणित करून सीलबंद केलेलेच नाणे घ्यावे. १ ते ७० अशा मोजपट्टीवर दर्जा ठरवला जातो आणि ६९ ते ७० एवढ्या फरकासाठीही भाव कितीतरी पटींनी वाढतो. भेट म्हणून त्या फरकाला काही अर्थ नाही.

उंबरकाठ

मुलगी लहान आहे तोवर एक काळजी घ्यावी. डाइमसारखे छोटे नाणे घशात अडकू शकते. ती चार-पाच वर्षांची होईपर्यंत नाणी तिच्या हाती देऊ नयेत, दुरून दाखवावीत.

दोनपिल्ले

आमच्याकडे थोरल्यासाठी संग्रह सुरू केला आणि तीन वर्षांनी धाकटी झाली. तिच्या जन्मवर्षापासून तिचाही सुरू केला. अडचण अशी आली की थोरल्याच्या डब्यात नेहमीच तीन नाणी जास्त दिसतात आणि धाकटीला ते खटकते. आता आम्ही नाणी वयानुसार मोजतो, म्हणजे तिच्या सातव्या वर्षी तिच्याजवळ सात आणि त्याच्या दहाव्या वर्षी त्याच्याजवळ दहा. तेवढे सांगितल्यावर तिला पटले. दुसरे मूल होण्याची शक्यता असेल तर हा विचार आधीच करून ठेवावा.

खडूफळा

सांजवेळ यांचा चौथा प्रश्न मागेच राहिला आहे. अठरा वर्षे गुपित ठेवण्याला माझा ठाम विरोध आहे. मूल साताआठ वर्षांचे असते तेव्हा त्याला जमवण्याची, मोजण्याची, लावून ठेवण्याची नैसर्गिक ओढ असते. माझी भाची नऊ वर्षांची असताना एकदा भिंग घेऊन एका नाण्याच्या कडेवरचे दाते मोजत बसली होती. कोठून सुरुवात केली ते विसरायला होई, म्हणून तिने कॅप्सूलवर बारीक खूण केली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. अठराव्या वर्षी तिच्या हातात पेटी दिली असती तर तिने छान म्हटले असते आणि ती कपाटात ठेवून दिली असती. ज्या वयात हे सगळे भिनते ते वय गुपितात घालवू नये.

पिंपळपान

खडूफळा यांचे म्हणणे मला बरेचसे पटते, तरी गुपिताचीही एक बाजू आहे. आत्याच्या अल्बममध्ये प्रत्येक नाण्यामागे एक चिठ्ठी होती. माझ्या सहाव्या वर्षाच्या नाण्यामागे लिहिले होते, 'आज तू पोहायला शिकलीस, बाहेर यायला तयारच नव्हतीस.' मला त्यातले काहीच आठवत नव्हते. ती चिठ्ठी मी सहा वर्षांची असताना वाचली असती तर तिचे काही विशेष वाटले नसते. अल्बम मी फेकून दिला, चिठ्ठ्या मात्र प्रत्येक नाण्याबरोबर नव्या पाकिटात ठेवल्या आहेत. नाणी तिला दिसू द्यावीत, चिठ्ठ्या राखून ठेवाव्यात, असे मी सुचवेन.

रसायन

चिठ्ठ्या आम्लविरहित कागदावर लिहाव्यात आणि नाण्याला न चिकटतील अशा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात.

सांजवेळ

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले आणि घरी बसून ठरवले, ते इथे लिहिते. एक नवे नाणे दरवर्षी, चित्र बदलणाऱ्या मालिकेतले आणि तिच्या वयाच्या त्या सालाचे. त्याशिवाय तीनेक वर्षांतून एखादे जुने, गोष्ट असलेले नाणे, आणि त्याची सुरुवात १९१८ च्या रुपयाने. सात वर्षांची झाली की जुने नाणे तीच निवडेल. कॅप्सूल मापाच्या, डबा कोरडा आणि पॉलिशची बाटली घरात नाही. चिठ्ठ्यांचे पाकीट माझ्याजवळ राहील.

पहिले कूकाबुरा काल आले. मोजमाप यांनी सांगितल्याप्रमाणे मी आणि नवऱ्याने दोरा बांधून ते पाण्यात लोंबते धरले. पहिल्यांदा माझा हात हलला, दुसऱ्यांदा काट्यावर २.९७ आले. लेक पलीकडे खुर्चीचा पाय धरून उभी होती. नाणे पुसून कॅप्सूलमध्ये बंद केल्यावर मी ते तिला दुरून दाखवले, तेव्हा तिने खुर्ची सोडून दोन्ही हात पुढे केले आणि आधाराशिवाय दोन पावले टाकली. पहिल्या चिठ्ठीत तेवढेच लिहिले आहे.